भोंग्याच्या आधीपासून

नानांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते एका बिघडलेल्या शाफ्टवर खडूने स्वतःचे नाव लिहीत होते. सातपूरच्या कारखान्यातला तो माझा पहिला दिवस. फोरमन म्हणजे ओरडणारा माणूस, एवढेच मी आयटीआयमध्ये ऐकून आलो होतो. इथे फोरमनच आपल्या हातून बिघडलेला जॉब निमूटपणे लाल ट्रेमध्ये ठेवत होते. मापात न बसलेला माल त्या ट्रेमध्ये जायचा. श्री. रामनाथ गांगुर्डे, म्हणजे आम्हा सर्वांचे नाना, यांच्या खात्यात त्याचा एकच नियम होता. आपला जॉब आपणच ठेवायचा, दुसऱ्याचा उचलून ठेवायचा नाही. त्यामुळे त्या खात्यात चुका लपत नसत आणि चहाड्याही होत नसत.

नाना मूळचे सायखेड्याचे, लहानपणापासून कबड्डी खेळलेले. कारखान्याचा संघ त्यांनीच उभा केला आणि हा नियम मैदानावरही आणला. रविवारचा सराव संपला की आम्ही गोल करून बसायचो आणि ज्याने त्याने आपली चूक सांगायची. त्यालाही आम्ही ‘लाल ट्रे’च म्हणायचो. सुरुवात नाना करत. त्यांच्या पहिल्याच सामन्यात चढाई करताना चड्डीची नाडी सुटली, एक हात तिथे अडकला आणि उरलेल्या हाताने गडी मारण्याच्या नादात ते सीमारेषा ओलांडून थेट प्रेक्षकांत जाऊन बसले. ही हकीकत ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसावे की नाही, हे नव्या माणसाला कळत नसे.

माझ्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी खात्यात तातडीचे काम होते. रजा मागायला माझी जीभ रेटेना. नानांनी मला घरी पिटाळले आणि दोन दिवस माझ्या लेथवर ते स्वतः उभे राहिले. मी परतलो तेव्हा लाल ट्रेमध्ये दोन जॉब होते आणि दोन्हींवर नानांचे नाव होते. मशीन माझे, पण चूक त्यांनी माझ्या नावावर जाऊ दिली नाही. मला तेव्हा फार भरून आले होते. ते सांगायचे मात्र राहून गेले.

आता माझ्या सुप्रसिद्ध चढाईविषयी. कारखान्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई माझी. नुसता परत आलो असतो तरी सामना जादा वेळेत गेला असता. मी समोरच्यांच्या अंगणात असतानाच शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. आम्हा शिफ्टवाल्यांचे हात भोंगा झाला की आपोआप थांबतात. मी ‘कबड्डी’ म्हणणे थांबवले, सामना संपला असे समजून दोन्ही हात वर केले आणि हस्तांदोलनाला पुढे गेलो. समोरचे सातही जण माझ्यावर पडले. आम्ही एका गुणाने हरलो.

रविवारी लाल ट्रेमध्ये मी ही चूक सांगितली. हरल्याचे दुःख विसरून सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नाना तेवढे हसले नाहीत. आणखी काही आहे का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. तेव्हापासून मला ‘भोंगा’ हे नाव पडले आणि मुलीच्या लग्नातही त्याने माझी पाठ सोडली नाही. दरवर्षीच्या स्नेहमेळाव्यात ही गोष्ट होते आणि नाना शेजारी बसून ऐकतात.

नानांच्या गौरवासाठी लिहायच्या या लेखात ती घालू का, हे विचारायला मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “लिही ना. पण या टायमाला भोंग्याच्या आधीपासून लिही.”

मी विचारले, “तुम्हाला माहीत होतं?”

“मधल्या रेषेशी मीच उभा व्हतो. समदं ऐकलं.”

“मग बोलला का नाहीत कधी?”

“जॉब तुझा हाय. मी कसा ठिवू?”

तर भोंग्याच्या आधीचे लिहितो. कोपऱ्यातल्या धिप्पाड गड्याला पाहून मी घाबरलो, तोंडातले ‘कबड्डी’ थांबले आणि माझा दम तिथेच सुटला. गलक्यात पंचांना ते कळले नाही. मी बाद झालेलोच होतो, हे मला ठाऊक होते. तेवढ्यात भोंगा झाला आणि मी त्याच्या आड लपलो. वेंधळा म्हणून हसे झालेले मला चालले, भित्रा म्हणवून घ्यायला लाज वाटली. मी खोटे बोललो. इतकी वर्षे माझे खोटे ऐकत, कुणापाशी एक शब्दही न काढता नाना शेजारी बसून राहिले. त्यांचा मोठेपणा मला याहून वेगळा सांगता येत नाही.

नाना, या जॉबवर मी आज माझे नाव लिहिले आहे. तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, शंभरीपर्यंत तुमचा दम टिको. मधल्या रेषेशी तसेच उभे राहा. मी आत्ता कुठे परत पोहोचतो आहे.