चिमणाबाईची खाट

उचगावचा केरबा रोज सकाळी म्हशी घेऊन कोल्हापुरात दूधकट्ट्यावर येई आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देई. कितीही म्हशी गोळा होऊ देत, आपली म्हैस तो नुसत्या पाठीवरून ओळखे. माणसाचं तोंड मात्र त्याच्या ध्यानात राहतच नसे. रोजचं गिऱ्हाईक दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून आलं की याच्या लेखी नवं! लोक म्हणत, केरब्याला माज चढलाय. तो मुकाट ऐकून घेई, कारण खरं सांगायची लाज वाटे. बायकोलासुद्धा त्यानं कधी सांगितलं नाही. चिमणाबाईला तो ओळखे ते हिरव्या बांगड्यांवरून, रुपयाएवढ्या कुंकवावरून आणि मुख्य म्हणजे तिच्या खणखणीत आवाजावरून. एवढ्यावर संसार निभावला.

मग चिमणाबाईच्या छातीत कळ आली आणि तिला दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. भेटायची वेळ थोडी. केरबा आत गेला आणि दारातच गार पडला. सगळ्या खाटांवर सारखेच निळे झगे, डोक्याला टोप्या, तोंडावर ऑक्सिजनचे मास्क. बांगड्या काढलेल्या, कुंकू पुसलेलं. सिस्टरला विचारावं, तर स्वतःची बायको ओळखेना असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? अंगकाठीवरून अंदाज बांधून तो एका खाटेशी बसला, हात धरला आणि जन्मात बोलला नव्हता ते बोलला.

"घरला चल की गं. तुझ्याबिगर गोठ्यात पाऊल टाकवंना. मला दुसरं कोण हाय?"

"पावणं, ही माझी आई हाय," मागून एक माणूस म्हणाला.

केरबा ताडकन उठला. आता कसली लाज आणि कसलं काय! तो ओरडला, "चिमणे, कुटं हाईस?"

सिस्टरनं दटावलं आणि शेजारच्याच खाटेकडे बोट दाखवलं. चिमणाबाई टक्क जागी होती. सगळं तिनं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. तो जवळ येताच तिनं मान भिंतीकडे फिरवली.

"मला माणसाचं तोंड वळखू येत न्हाय गं," तो तिच्या कानाशी रडत म्हणाला. "कुणाचंच. पयल्यापास्नं. तुला सांगाय पायजे हुतं."

तिनं मान वळवली नाही. वेळ संपली म्हणून वॉचमननं त्याला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणाबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा केरबा घाईघाईनं धार उरकत होता. आपण कानाशी सांगितलेलं तिला शेवटी ऐकू गेलं होतं का, हे त्यानं सिस्टरला विचारलं, डॉक्टरला विचारलं, झाडू मारणाऱ्या मावशीलाही विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.