डॉक्टरांना सांगितलेलं वजन

“हार्ट फेल्युअर आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं सगळं संपलं. फेल म्हणजे फेल. माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं की हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा पंप कमजोर झालाय. रक्त पुढे ढकलायची ताकद कमी पडली की अंगात पाणी साचतं. आधी पायांत, मग पोटात, मग फुफ्फुसात. इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात ते दिसलं होतं.

सुमन, माझी बायको, बाहेर बाकड्यावर बसली होती. तीन महिने ती सांगत होती की जिना चढताना दम लागतो. मी तिला म्हणायचो, भात कमी खा.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे आणि डॉक्टर मोबाइलवर भेटणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी जे केलं ते तुम्ही करू नका.

लालबागला माझं मसाल्याचं दुकान आहे. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या गिरणीत मिरची कुटायला लागलो, ते आज स्वतःच्या गल्ल्यावर बसतोय. कुणी हात धरून वर आणलं नाही. भाव करताना आपली गरज समोरच्याला दाखवायची नाही, हे तिथेच शिकलो. माझा आवाज मोठा आहे, राग त्याहून मोठा.

पहिल्या वेळी सुमनला परळच्या एका हॉस्पिटलात नऊ दिवस ठेवलं. आयसीयूत ती घाबरून नळ्या ओढत होती, म्हणून तिचे हात पट्टीने पलंगाला बांधले. दाराबाहेर मला तिच्या हाका ऐकू येत होत्या. वॉचमन आत सोडेना. मी हुज्जत घातली, तेव्हा एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला, “काका, हा मसाला बाजार नाही.” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आजही नाही.

घरी आल्यावर सुमन एवढंच बोलली, “माका बांदून घातल्यानी. परत थंय धाडू नकात.” परत पाठवणार नाही, असा मी शब्द दिला.

त्याच हॉस्पिटलकडून पुढची तपासणी दर मंगळवारी व्हिडिओ कॉलवर होणार होती. डॉक्टरबाईंनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. रोज सकाळी उपाशीपोटी वजन, कारण साचलेलं पाणी आधी वजनात दिसतं. एडीमा, म्हणजे पायांची सूज. आणि झोपताना किती उशा लागतात, कारण फुफ्फुसात पाणी चढलं की माणसाला आडवं झोपवत नाही. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच कळवा, दाखल करावं लागेल.

मी दुकानातला मिरचीची पोती तोलायचा काटा काळाचौकीच्या घरी आणला. त्यावर दरवर्षी सरकारी शिक्का मारून घेतो. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला ग्रॅमभर कमी दिलेलं नाही.

पहिला मंगळवार बरा गेला. वजन अठ्ठावन्न. पुढच्या रविवारपर्यंत तेवढंच होतं. दुसऱ्या मंगळवारी काट्याने साडेसाठ दाखवलं. मी तिला उतरवलं, काटा पुसला, परत चढवलं. साडेसाठच.

सुमन मनगट चोळत खाली उतरली.

मग आम्ही तयारीला लागलो. तिने हिरवी साडी मागितली, तोंडाला पावडर लावली, कुंकू ठसठशीत लावलं. मी खुर्ची खिडकीच्या उजेडात ठेवली. मोबाइल स्टीलच्या डब्याला असा टेकवला की कंबरेखालचं काही दिसू नये. मागे पलंग दिसत होता, त्यावरच्या तीनपैकी दोन उशा उचलून कपाटात टाकल्या. आत कशीही असो, पोत्याच्या तोंडाशी लालभडक मिरची लावतात ना, तसं.

माझी सून प्रज्ञा सुट्टी घेऊन कॉल जोडून द्यायला थांबली होती. ती म्हणाली, “बाबा, डॉक्टर गिऱ्हाईक नाहीत हो.” मी तिला गप्प बस म्हणालो. याहून वाईट शब्दांत.

पडद्यावर ‘डॉक्टर लवकरच येतील’ असं यायचं आणि तसंच राहायचं. चाळीस मिनिटं सुमन ताठ बसून होती. पाय लोंबकळत होते, घोटे डब्यासारखे गोल झाले होते. मी तिला टेकू दिलं नाही, साडी चुरगळली असती.

डॉक्टरबाई आल्या. वजन? मी म्हणालो, अठ्ठावन्न. सूज? नाही. उशा? एकच. “काकू, छान दिसताय आज,” त्या म्हणाल्या. गोळ्या तशाच चालू ठेवल्या. सहा मिनिटांत कॉल संपला.

सुमन हसली. “बरी फसली ती.” मीही हसलो. त्या शिकाऊ डॉक्टरने मसाला बाजार काढला होता ना माझा, त्याला मी हरवलं असं मला वाटलं.

गुरुवारी दुपारी दुकानात प्रज्ञाचा फोन आला. मी धावत घरी पोहोचलो तेव्हा सुमन गॅलरीच्या कठड्याला धरून वाकलेली होती. ओठ जांभळे. खोकताना गुलाबी फेस येत होता. बोलता येत नव्हतं, डोळ्यांनी मला विचारत होती. काय विचारत होती ते मला कळत होतं.

प्रज्ञाने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. मी हॉस्पिटलचा नंबर लावला. फोन घेणारी बाई म्हणाली, पुढची वेळ मंगळवारची आहे. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला मी तिला माझे आई, माझे आई म्हणत होतो. शेवटी तिने डॉक्टरबाईंना कळवलं आणि त्यांचाच व्हिडिओ कॉल आला.

“फोन पायाकडे न्या. नडगीवर अंगठा दाबा.” मी दाबला. काढला तरी खड्डा तसाच राहिला.

“मंगळवारी नव्हती ना सूज?”

“होती. वजनही साडेसाठ होतं. मी खोटं सांगितलं.”

“त्यावर नंतर बोलू. त्यांना आडवं करू नका. पाय खाली सोडून बसवा. मी कॅज्युअल्टीत सांगून ठेवते.”

त्या दिवशी आयसीयूच्या दाराशी मी पहिल्यांदा खरी गोष्ट बोललो. हात बांधल्याची, हाकांची, दिलेल्या शब्दाची. भांडलो नाही, भांडायचं त्राणच नव्हतं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या: हात बांधू नयेत, पेशंट घाबरल्यास नवऱ्याला जवळ बसू द्यावं. वॉचमनने कागद वाचला आणि दार उघडलं. एवढंच होतं ते. मी ते कधी मागितलंच नव्हतं, नुसता ओरडलो होतो.

सहा दिवस मी तिचा हात धरून बसलो. पाणी उतरलं. पण नवीन इकोमध्ये पंप आधीपेक्षा अशक्त दिसला. ते दोन दिवस फुकट गेले नसते तर असं झालं नसतं का, मी विचारलं. “सांगता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण काका, पडद्यावरून मला हात लावता येत नाही, छातीला कान लावता येत नाही. तुम्ही सांगता तेवढंच माझ्या हातात असतं.”

आता मंगळवारी पावडर नाही. जुना गाऊन, समोर स्टुलावर पाय, मागे तीनही उशा. काट्यावर चढली की मी मोबाइल आकड्यावर धरतो आणि डॉक्टरबाई स्वतः वाचतात. प्रज्ञाची मी माफी मागितली. ती म्हणाली, “साहजिकच होतं ते, बाबा.” माझ्याकडून तिची तेवढीच अपेक्षा होती, ते मला लागलं.

किती दिवस मिळतील कुणी सांगत नाही. विचारायचं मीही सोडलंय. आज मिळाला त्याबद्दल सकाळी देवापुढे हात जोडतो.

काल सकाळी काटा एका रात्रीत दीड किलोने वर गेला होता. कॉलचा दिवस नव्हता, डॉक्टरबाईंना दिसणार नव्हतं. सुमनने विचारलं, किती? मी काटा पुसायला फडकं उचललं.

“सांगा तिका,” ती म्हणाली. “खरा सांगा. पण माझ्यावांगडा तुमी येवचा.”

सोबत येणारच, मी म्हणालो, आणि फोन लावून आकडा मोठ्याने वाचला.