धुरा मी विकला नव्हता

आमच्या गावचा शिंपी आजही सांगत फिरतो की, मला हाताला धरून दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला त्याने नेले. हे खोटे आहे. जवळा बाजार या गावी कापसाच्या एका रिकाम्या गोदामाच्या दारावर खडूने लिहिलेले होते: ‘दारू सोडायची असेल तर बाजाराच्या दिवशी दुपारी आत या.’ ती ओळ मी स्वतः वाचली. चार बाजार तिच्यासमोरून निघून गेलो आणि पाचव्या बाजारी आत शिरलो. शिंपी तेथे आधीच बसला होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. माझा हात धरायला त्याचा हातही मोकळा नव्हता. मांडीवरची भाजीची पिशवी त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

पिशव्या सर्वांकडेच असत. आधी मेथी-वांगी घ्यायची आणि मगच आत यायचे, म्हणजे वाटेत कोणी हटकले तर सांगायला बाजार असतो. पिताना आम्ही कोणाला लाजलो नव्हतो. सोडताना मात्र मेथीच्या जुडीआड लपत होतो. बैठक चालवणारे गृहस्थ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांचा नियम एकच: येथले बोलणे येथेच ठेवायचे. मी शब्दाला जागणारा माणूस. त्या नियमावर मी विसंबलो.

सहा महिने ऐकत राहिल्यावर मी बोललो. गावातली धुऱ्याची, म्हणजे दोन शेतांमधल्या हद्दीची, भांडणे त्या काळी मी मिटवत असे. आमच्याकडची रीत अशी की, दोन्हीकडच्यांनी मानलेल्या पंचाने हद्दीवरून चालत जावे आणि त्याच्या पावलांवर दगड रोवावेत. एका दुपारी मी पिऊन चाललो. एका बाजूला गावातला शेतकरी, दुसऱ्या बाजूला तांड्यावरचा. माझे पाय तांड्यावाल्याच्या शेतात झुकत गेले, मागून दगड रोवले गेले आणि त्याच्या पिकाची पाच तासे, म्हणजे पाच ओळी, पलीकडे गेली. पंचाचे पाऊल म्हणून तो गप्प राहिला. ती दारू मला कोणी पाजली नव्हती. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरी मी प्यालो होतो. बैठकीत मी हे जसेच्या तसे सांगितले.

“मंग आता?” ड्रायव्हरांनी विचारले.

“सोमवारी त्याला जाऊन सांगनार. आन् धुऱ्यावरून पुन्हा चालनार.”

“सोमवारीच काहून? उद्या पाय दुखून राहिलेत का?”

सगळे हसले. परंतु कारण खरे होते. गावातला शेतकरी लेकीच्या गावी, हट्ट्याला, गेला होता, तो रविवारी परतणार होता. दोघे समोर नसताना चालणे म्हणजे आणखी एक वाकडे काम झाले असते.

सोमवारी सकाळी मी तांड्यावाल्याच्या शेतावर पोहोचलो. तो बैलांना कडबा टाकत होता. त्याने राम राम घातला नाही.

“या पंच. कळलं मला. बाटलीवर धुरा इकला म्हने तुमी.”

“कोन म्हनलं?”

“शिंप्यानं. पोराचा सदरा आनायला गेलतो काल.”

माझ्या तोंडातले वाक्य दुसऱ्याने आधीच खर्चून टाकले होते, तेही बिघडवून. मी म्हणालो, “इकला न्हाई. पेलो होतो, म्हनून वाकडा चाललो.”

“आबा, इकला काय आन् वाकडा चालला काय, माह्या पाच तासाला काय फरक?”

जन्मभर दुसऱ्यांना निवाडे दिले. या वेळी मात्र निवाडा त्याने दिला. त्याच दुपारी दोघांच्या समक्ष दगड उपटले आणि मी पुन्हा चाललो. या खेपेस सरळ. गाव बघायला जमले होते आणि गावाचा निवाडा तयार होता: बोभाटा झाला म्हणून आला.

पुढच्या बाजारी मी शिंप्याला भर बैठकीत विचारले, “काहून सांगितलं?”

“तुमच्याच भल्यासाठी, आबा. बोभाटा झाला नसता त तुमी गेलाच नसता.”

“आन् बाटली कुठून आनली?”

“आता गोष्ट सांगायची त थोडं मीठ-मिरची लागतंच की.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. मी ड्रायव्हरांकडे पाहिले. त्यांनी शिंप्याला झापले, पण बाहेर काढले नाही. म्हणाले, “त्यालाबी दारू सोडायचीच हाये.” ते बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होते. म्हणून मी त्यांना क्षमा केली, असे कोणी समजू नये. त्यानंतर कित्येक वर्षे मी त्या बैठकीला गेलो, दारूला शिवलो नाही. पण तेथे पुन्हा तोंड उघडले नाही.

राहिली एक साक्ष. रविवारी रात्री मी पत्नीला सांगितले होते की, धोतर धुऊन ठेव, सकाळी तांड्याकडे जायचे आहे. तिने ते धुऊन ठेवलेही होते. शिंप्याच्या बोलण्यानंतर मी घरी येऊन तिला म्हणालो, “मी जानारच होतो, हे तुला ठावं हाये. चारचौघींत सांग.”

ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “जातो म्हनले व्हते, ते सांगीन. गेले असते, हे कसं सांगू? अशे सोमवार म्या लय पाह्यले.”

मी जाणारच होतो.