दाराआडचे बारा शब्द

माझा थोरला भाऊ कडावला राहतो आणि खालापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. मी कर्जतच्या एका पतपेढीत काउंटरवर बसतो. मागच्या वर्षी दादाने दोन दुभत्या म्हशी विकल्या. पैसे पुतणीच्या नर्सिंगच्या फीसाठी होते. ते त्याने माझ्या पेढीत न ठेवता मोबाइलमधल्या आभासी नाण्यात, त्या क्रिप्टोत घातले.

"तुमच्यावानी मधी कोन नाय," तो मला म्हणाला. "सही नाय, शिक्का नाय, उद्या या नाय. तुजी पेढी बंद पडंल रं."

मी तावातावाने भांडलो. जे देऊन वाण्याकडे साखर मिळत नाही, ते पैसे कसले? सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा, आणि त्यावर पोरीचं शिक्षण टांगायचं? दादा नुसता हसत राहिला. खरं सांगायचं तर मला पोरीची काळजी कमी आणि पेढीच्या अपमानाचा राग जास्त होता.

त्या पैशांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द; ते टाकले की कुठल्याही फोनवर पैसे उघडतात. ते फोनमध्ये ठेवायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत, असं कारखान्यातल्या सोबत्याने त्याला बजावलं होतं. आमच्या घरात महत्त्वाचं लिहून ठेवायची जागा एकच, माजघराच्या दाराआडची भिंत. म्हैस कधी फळली, सिलिंडर कधी लावला, गवंड्याचा नंबर, सगळं तिथे पेन्सिलीने लिहिलेलं. त्याच्याखाली दादाने ते बारा शब्द लिहिले आणि मला ऐटीत दाखवले.

गणपतीच्या आधी भिंतींना चुना देतात. त्या दिवशी दादा पाळीला गेला होता आणि मी शिडी पोचवायला गेलो होतो. वहिनी हातात कुंचला घेऊन दाराआड थांबली होती.

"भावजी, ह्ये इंग्रजी पुसू का? त्यांनी काय सांगितलं नाय."

ते काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. "पुसा वहिनी," मी म्हणालो. "कचरा हाय तो."

मनात एवढंच होतं, की घालू दे जरा हेलपाटे, जिरू दे थोडी. पासबुक हरवलं की लोक माझ्याकडे येतात, मी कुरकुरतो, अर्ज लिहून घेतो आणि दुसरं देतो. या नाण्याचंही कुठेतरी काउंटर असेलच, असं मी धरून चाललो होतो. इतकं भांडूनही मला त्यातलं एवढंसुद्धा कळलं नव्हतं.

त्याच दिवशी येताना दादाने जुना फोन देऊन नवा घेतला. दुकानदाराने जुना पुसून कोरा केला. दादाला फिकीर नव्हती, शब्द भिंतीवर होते. घरी येऊन त्याने दार ओढलं, तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

"मीच पुसलं," वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

दोन दिवस आम्ही ब्लेडने चुना खरवडला. म्हशीची तारीख सापडली, गवंड्याचा नंबर सापडला. बारांतले सातच शब्द वाचता आले, बाकीचे कुंचल्याने फिसकटले होते; आणि बाराही असल्याशिवाय पैसे कुणालाच काढता येत नाहीत.

"तक्रार कुनाकडं करायची रं?" दादाने विचारलं. टोमणा जिभेवर आला होता, पण मारवेना.

फी शेवटी गल्लीतल्या बायकांच्या भिशीतून भरली. नंबर शेजारणीचा होता, तिने वहिनीला आधी उचलू दिली. दादा या भिशीला बायकांचा खेळ म्हणायचा. पोरीची अडचण गल्लीला ठाऊक होती, तेवढ्यावर काम झालं.

गणपतीत मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "वहिनी, मी सांगतो त्याला."

"नका सांगू. म्हशी गेल्या त्या गेल्या. तुमी दोगं भाव बोलताव, तेवडं ऱ्हाऊ दे."

भिंतीचा तो तुकडा अजून खरवडलेलाच आहे. सुट्टीच्या दिवशी दादा त्याच्यासमोर पाट घेऊन बसतो आणि राहिलेले शब्द आठवत राहतो. मी गेलो की विचारतो, "तू बगितले व्हते ना रं? तुला काय आठवतंय का?"

मी नाही म्हणतो आणि चहा संपवून निघतो.