बाभळीपाशी राहिलेली वाट

लोणंद ते तासगाव मी दर रविवारी थोडं थोडं चालत होतो. मागच्या वेळी जिथं थांबलो, तिथंच एसटीनं उतरून पुढं निघायचं. पलूसच्या अलीकडं उतरलो, तर मागच्या रविवारी जिच्यापाशी थांबलो होतो, ती बाभळ सापडेना.

बांधावर गवत कापणारी बाई उठली. "काय हरवलं, दादा?"

"काही नाही, मावशी. मागं इथवर चाललो होतो. ती जागा बघतोय."

पदर खोचून तीही विळ्यानं गवत बाजूला सारू लागली. "हितंच पडलं आसंल तुमचं चालणं. हिकडं कोण येत न्हाई, उचलंल कोण?"

"राहू द्या."

"आवं, एवढं चाललायसा, त्ये वाया कसं जाऊ द्यायचं?"

गोंधळून मी तसाच पुढं निघालो. वळून पाहिलं, तर ती वाकलेलीच.

तासगावात पोचलो, तरी डोक्यात एकच. तिला सापडलं असेल का?