बेलार्मिनोचा उंच हात

बेलार्मिनोला समुद्र लागायचा. कोळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाची याहून मोठी फजिती नाही. मिसरूड फुटल्यावर बापाने त्याला होडीवर नेले, आणि धक्का नजरेआड व्हायच्या आत पोराने फक्त आतडी बाहेर काढायची बाकी ठेवली. बापाने होडी वळवली, त्याला धक्क्यावर उतरवले आणि पुन्हा समुद्राकडे निघून गेला. आस्तुरिआसच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात बेलार्मिनो तेव्हापासून जमिनीवरचा माणूस झाला.

जमिनीवर मात्र त्याने नाव काढले. धक्क्यासमोरच्या आपल्या गुत्त्यात सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, तो जशी ओतायचा, तशी त्या पंचक्रोशीत कोणालाच जमत नसे. बाटलीचा हात डोक्याच्या वर ताठ, पेल्याचा हात मांडीपाशी आणि नजर सरळ समोर. पेल्याकडे चुकूनसुद्धा बघायचे नाही. वरून आलेली बारीक धार पेल्याच्या काठावर फुटली की फेस उसळायचा, आणि तो बसायच्या आत गिऱ्हाईकाने ती घोटभर सिद्रा एका दमात रिचवायची. उशीर झाला की ते नुसते आंबट पाणी. आत स्वयंपाकघरात त्याची बायको एतेल्विना तारल्या भाजायची, पांढऱ्या घेवड्यात शिंपल्या शिजवायची. गुत्ता दोघांच्या जिवावर चालायचा, पण वाहवा व्हायची ती बाहेरच्या हाताची.

सगळे उत्तम होते, फक्त तेल्मो नसता तर. तेल्मो कुपा मासे धरणाऱ्या होडीचा तांडेल. अंगाने आडवा, उन्हावाऱ्याने रापलेला, आणि बायको वारून काही वर्षे झालेला. तरुणपणी एतेल्विना त्याच्याबरोबर एकदा जत्रेत नाचली होती. नाचली होती, बस एवढेच. पण बेलार्मिनोच्या पोटात तो नाच अजून चालू होता.

त्यात गावच्या एका रीतीची भर पडायची. हंगामातला पहिला कुपा आला की त्याच्या पोटाचा लुसलुशीत तुकडा तांडेलाने त्या चुलीला द्यायचा, जिचे तो वर्षभर जेवला. तेल्मो जेवायचा एतेल्विनाच्या चुलीचे. तो तुकडा घेऊन यायचा, फळीवरची एक बाटली आणि पेला उचलायचा आणि थेट आत जायचा. मग आतून एतेल्विनाचे हसणे ऐकू यायचे. ती बेलार्मिनोपाशी कधी तशी हसत नसे. मत्सराने त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची, आणि त्या दिवशी तेल्मोला सिद्रा ओतताना हात खांद्याच्या वर जायचाच नाही. गाव ते बघायचे आणि गालात हसायचे.

त्या वर्षी त्याने ठरवले, यंदा नाही. दुपारी भूशिरामागून होड्या दिसल्या, दोन्ही अंगांना गळाच्या लांबच लांब काठ्या पसरलेल्या. चढावरच्या निळ्या-पिवळ्या घरांच्या खिडक्यांत बायका गोळा झाल्या. एतेल्विनाही हात पुसत दारात येऊन उभी राहिली. ती होडी बघते आहे की तांडेलाला, हे बेलार्मिनोला कळेना. ती आत गेल्याबरोबर त्याने रिकाम्या बाटल्यांचे खोके स्वयंपाकघराच्या वाटेत छातीएवढे रचून टाकले.

"हे काय रे, तटबंदी?" म्हाताऱ्या कोलासने विचारले. तो खुर्चीत बसून अख्ख्या गावाची चौकशी करायचा.

"जागा नाहीये दुसरीकडे."

"काल होती की. एका रात्रीत गुत्ता आकसला वाटतं."

तेवढ्यात तेल्मो आला. काखेत कागदात गुंडाळलेला तुकडा. त्याने बाटली-पेला उचलला, खोक्यांकडे पाहिले, बेलार्मिनोकडे पाहिले, बाहेर पडला आणि मागच्या धुण्याच्या अंगणातून आत शिरला. बेलार्मिनो कोलाससाठी ओतत होता. आतून हसणे आले. त्याची नजर हलली, हात हलला, आणि सिद्रेची धार सरळ कोलासच्या मांडीवर.

"अरे, पेला इकडे आहे," कोलास म्हणाला. "बायको तिकडे."

गुत्ता खो खो हसला. बेलार्मिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटली हातात तशीच धरून तो आपलेच खोके ओलांडायला गेला, अर्धे पाडले, आणि गुडघा फोडून घेत स्वयंपाकघरात पोचला.

तेल्मो निघून गेला होता. एतेल्विना फडक्याने फरशी पुसत होती.

"गेला का तुझा तांडेल?"

"होडीतला माल उतरवायचाय त्याला." तिने मान वर केली नाही. "पाय उचल, ओलं आहे."

"एवढं काय सांगत होता हसायला?"

"काही नाही. ओतत होता."

"तो? ओतत होता?" बेलार्मिनो कुत्सितपणे म्हणाला. "ज्याला बाटली कुठून धरायची कळत नाही तो?"

"नाहीच कळत. दर वर्षी अर्धी जमिनीवर सांडतो, बाही भिजवून घेतो. हसू येणार नाही तर काय?"

"मग मला सांगायचं होतंस. त्याच्यापेक्षा शंभर पटीने बरी ओतली असती मी."

एतेल्विनाने फडके पिळले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. चुलीच्या धगीने तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुझ्यासारखी कोणीच ओतत नाही, बेलार्मिनो. अख्खं गाव सांगतं. इथे उभी राहून मी आवाज ऐकते ना रोज, काठावर धार फुटल्याचा." तिने फडके चुलीजवळ वाळत टाकले. "तो सांडतो. पण आत आणतो."

बेलार्मिनो आठवू लागला. लग्नानंतरचा एखादा सण, एखादी जत्रा, कोणाचे तरी बारसे. तिच्यासाठी ओतलेला एकही पेला आठवेना.

बाहेर कोलास टेबलावर थापा मारत होता. "अरे ए, घसा सुकला इथे!"

"थांबा," बेलार्मिनो ओरडला, आणि पेला शोधू लागला. आपल्याच स्वयंपाकघरात पेले कुठे ठेवतात, हे त्याला माहीत नव्हते.