टाकीच्या झाकणाचं भोक

गाडी बंद पडली की लोक हमखास विचारतात, "पेट्रोल आहे ना?" अहो, आहे! पन्नाशीनंतर गाडी शिकलेल्या बाईलाही तेवढं कळतं.

गाडी तीस वर्षं जुनी, कार्बोरेटरवाली. माझे यजमान आयुष्यभर तीच चालवत आले, बॉनेटमध्ये दुसऱ्या कुणाला हात घालू दिला नाही. मग तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या किडन्या गेल्या, डोळे अधू झाले आणि किल्ली माझ्याकडे आली. आठवड्यातून तीनदा पावस गावाहून रत्नागिरीला डायलिसिसला न्यायचं. साडेसहाची पाळी. अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात.

श्रावणात गाडीने दुखणं काढलं. भाट्याच्या पुलाअलीकडे सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर आली की आचके द्यायची आणि गप्प. अर्धा तास थांबलं की शहाण्यासारखी चालू. एकदा दोन ठिकाणी बंद पडली आणि पाळी हुकली. पुढचे दोन दिवस ह्यांनी उशांना टेकून काढले, आडवं झालं की धाप लागायची. मी वारा घालत होते आणि मनातल्या मनात त्या गाडीला शिव्या देत होते.

गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, मग पेट्रोलचा पंप. दर वेळी, "आता बघा काकी, थेट मुंबईला जाल." जात होते सड्यापर्यंत. शेवटी म्हटलं, जळ्ळं मेलं, आपणच बघू.

शेजारी म्हणाले, पंप तापत असेल, ओलं फडकं ठेवा. ठेवलं. धो धो पावसात त्या फडक्यासकट बंद पडली, म्हणजे तापण्याचं खूळ गेलं. मग प्लग काढायला शिकले. ठिणगी पडत होती, पण प्लग कोरडा. म्हणजे टाकीत असलेलं पेट्रोल पुढे येतच नव्हतं. एवढं कळायला तीन आठवडे गेले आणि कंबरेचा काटा ढिला झाला. ह्यांना विचारलं की मागच्या सीटवरून डोळे मिटून म्हणायचे, "जुनी झाली गो. राहू दे आता."

मग एक गोष्ट ध्यानात आली. ज्या दिवशी वाटेत पेट्रोल भरलं, त्या दिवशी गाडी थांबली नव्हती. पुढच्या खेपेला सड्यावर बंद पडल्याबरोबर उतरले आणि टाकीचं झाकण उघडलं. सुस्सकन हवा आत ओढली गेली. झाकण लावून किल्ली फिरवली, चार आचक्यांत चालू!

घरी येऊन चष्मा लावून झाकण बघितलं. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला त्याला सुईएवढं भोक असतं. ते फणसाच्या चिकाने बुजवलेलं. आमच्याकडे बादली गळो की घागर, चीक तापवून लावायची पद्धत. आणि घरात चिकाची कांडी जपून ठेवणारा माणूस एकच.

पडवीत जाऊन झाकण ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी बोटाने चाचपलं.

"पावसाचं पाणी आत जाईल म्हणून लावला होता."

"आणि गाडी बंद पडायला लागल्यावर? तीस वर्षं हाताळलीत, तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

माझा पारा असा चढला! "मी चिखलात उभी राहून प्लग काढत होते. पाळी हुकली तेव्हा तुमचा जीव घुसमटत होता. आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत?"

"बंद पडली की बरं वाटायचं गो," ते म्हणाले. "वाटायचं, आज डायलिसिसला जाणं राहिलं तर ते गाडीमुळे राहिलं. तुला तोंडावर नको म्हणायचा धीर नव्हता."

एवढ्या रागाचं काय करायचं ते मला कळेना. टाचणी आणून भोक मोकळं करत बसले. मग विचारलं, "फार नको वाटतं का?"

"रोज नाही. सुया टोचतात तेव्हा. आणि घरी आल्यावर तू न जेवता तशीच आडवी होतेस, तेव्हा."

खरंच दमले होते मी, आणि ते लपत नव्हतं.

पुढच्या खेपेला गाडी कुठेही थांबली नाही. सडा गेला, भाट्याचा पूल गेला, सव्वासहाला हॉस्पिटलच्या दारात. त्या दिवशी ते पुढे, माझ्या शेजारी बसले होते. मी इंजिन चालूच ठेवलं.

"जायचं ना?" मी म्हटलं. तीन वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारत होते.

त्यांनी चाचपत दाराचा खटका शोधला. मग म्हणाले, "आज जाऊ."